उज्जयिनीचे मुंगूस आणि बेदगेलर्टचा कुत्रा

प्रत्येक जुन्या गावाला दोन इतिहास असतात. एक दप्तरात असतो, दुसरा वाटाड्याच्या तोंडी असतो. पहिल्यात सनदा, दानपत्रे, कज्जे आणि वसुलीचे आकडे असतात. दुसऱ्यात राजा असतो, शिकार असते, पश्चात्तापाचे अश्रू असतात आणि पुराव्यादाखल एखादा दगडही असतो. हे दोन इतिहास पिढ्यानपिढ्या शेजारी नांदतात, परंतु त्यांची गाठ क्वचितच पडते. ज्या दिवशी ती पडते त्या दिवशी स्थानिक इतिहासकाराची खरी कसोटी लागते; कारण त्यास आपल्याच गावकऱ्यांसमोर उभे राहून, त्यांच्या सर्वांत लाडक्या गोष्टीविषयी साक्ष द्यावी लागते.

अशी कसोटी वेल्समधील बेदगेलर्ट नावाच्या एका लहानशा गावी लागली. तिची हकीकत येथे सांगण्यास एक विशेष कारण आहे. त्या गावच्या गोष्टीचे मूळ शोधीत निघालेली वाट फ्रान्स, इटली, अरबस्तान व इराण असे देश ओलांडीत अखेर आपल्याच पंचतंत्राच्या दारी येऊन थांबते. आणि तेथे पोहोचल्यावर, कथा व इतिहास यांचे परस्परांशी नाते काय, हा आम्हां शिक्षकांपुढचा नित्याचा प्रश्न काहीशा वेगळ्या प्रकाशात दिसू लागतो.

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम अंगास वेल्स हा डोंगराळ देश आहे. त्याची भाषा इंग्रजीहून सर्वस्वी निराळी, केल्टिक कुळातील आहे. आणि बलाढ्य शेजारभाषेच्या सावलीत राहूनही तिने आपले वाङ्मय जतन केले, ही गोष्ट बहुभाषी प्रदेशात राहणाऱ्या आम्हां मराठी भाषकांस आदरणीय वाटावी अशी आहे. या देशाच्या वायव्येस एरिरी नावाचा पर्वतप्रदेश आहे. त्यातील १,०८५ मीटर उंचीच्या सर्वोच्च शिखरास इंग्रज स्नोडन म्हणतात. या पर्वताच्या दक्षिण पायथ्याशी ग्लासलिन व कोल्विन या दोन नद्यांचा संगम होतो आणि त्या संगमावर बेदगेलर्ट वसले आहे. दगडी घरे, दगडी पूल, जुने चर्च आणि भोवती कुरणे, एवढाच त्याचा विस्तार. आज समुद्र तेथून बराच दूर आहे. परंतु विल्यम मॅडॉक्स याने खाडीच्या मुखाशी घातलेला बांध १८११ मध्ये पुरा होईपर्यंत भरतीचे पाणी खालच्या आबरग्लासलिनच्या पुलापर्यंत चढत असे. सारांश, हे गाव आज जितके आडबाजूचे वाटते तितके ते पूर्वी नव्हते. डोंगरातील आणि समुद्रावरील वाटांची तेथे गाठ पडत असे.

या गावी येणारा प्रवासी चर्चवरून पुढे नदीकाठच्या पायवाटेने चालू लागला की थोड्याच अंतरावर त्यास कुरणात एक झाड, भोवती कुंपण आणि आत पाटीच्या दगडाचे दोन लेख दिसतात. एक वेल्श भाषेतील, दुसरा इंग्रजी. त्यांवरील मजकुराचा आशय असा : तेराव्या शतकात उत्तर वेल्सचा राजा ल्युएलिन याचा या गावी वाडा होता. एके दिवशी तो शिकारीस निघाला, परंतु त्याचा आवडता कुत्रा गेलर्ट काही केल्या बरोबर आला नाही. राजा परतला तेव्हा कुत्रा रक्ताने माखलेला असा आनंदाने समोर धावत आला. राजपुत्राचा पाळणा रिकामा, उलथलेला, अंथरूण रक्ताने भिजलेले. राजाने क्षणाचाही विचार न करता तलवार कुत्र्याच्या कुशीत खुपसली. त्याच्या मरणकिंकाळीस उत्तर म्हणून एका बालकाचा आवाज आला. शोध घेता मूल सुखरूप सापडले. जवळच एक प्रचंड लांडगा मरून पडला होता. गेलर्टनेच त्यास मारले होते. त्यानंतर राजाच्या मुखावर कधी हास्य उमटले नाही. त्याने गेलर्टला येथे पुरले आणि गावास बेदगेलर्ट, म्हणजे 'गेलर्टची समाधी', हे नाव पडले.

गोष्ट हृदयास भिडणारी आहे यात शंका नाही. जॉर्ज बॉरो हा भाषापंडित १८५४ मध्ये वेल्समधून पायी फिरला आणि १८६२ मध्ये त्याने आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या समाधीविषयी लिहिताना, गोष्ट खरी असो वा कल्पित असो, ती सुंदर व करुण आहे, असा अभिप्राय त्याने दिला आहे. रसिक प्रवाशास असा अभिप्राय देऊन पुढच्या गावास निघून जाणे शोभते. स्थानिक इतिहासकारास मात्र 'खरी असो वा कल्पित' या शब्दांपाशीच थांबावे लागते.

प्रथम हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे की गोष्टीत उघड अशक्य असे काही नाही. ल्युएलिन आप् योर्वर्थ, ज्यास इतिहास 'ल्युएलिन थोर' म्हणून ओळखतो, हा खरोखर होऊन गेलेला राजा आहे. त्याचा मृत्यू १२४० मध्ये झाला. इंग्लंडचा राजा जॉन याची कन्या जोन त्याने १२०५ मध्ये वरली होती. म्हणून सासऱ्याने जावयास एक उत्तम शिकारी कुत्रा भेट दिला असावा, ही कवीची कल्पनाही संभाव्य वाटते. त्या काळी वेल्सच्या रानांत लांडगे होते, राजे शिकार करीत होते, कुत्रे पाळीत होते. परंतु संभाव्य म्हणजे घडलेले नव्हे. ल्युएलिनच्या युद्धांचा, तहांचा व दानांचा वृत्तान्त वेल्श बखरींत व इंग्रज दरबारच्या कागदांत नोंदला गेला आहे. त्यात गेलर्ट नावाचा कुत्रा कोठेही नाही. ज्या दुःखाने राजाचे हास्य कायमचे मावळले त्याचा त्याच्या काळच्या एकाही लेखकास पत्ता नसावा, हे चमत्कारिक आहे.

दुसरा पुरावा गावाच्या नावातच आहे. तेराव्या शतकातील दस्तऐवजांत हे नाव येते तेव्हा त्याच्या उत्तरार्धात 'ग' नसून 'क' आहे. वेल्श भाषेत शब्दाचे पहिले व्यंजन मागील शब्दाच्या सहवासाने बदलते, आणि 'क'चा 'ग' होणे हा त्यातील नेहमीचा प्रकार होय. 'वाक्' आणि 'ईश' यांच्या संधीत 'वागीश' होताना आमच्या विद्यार्थ्यांस 'क'चा 'ग' झालेला दिसतोच. तसेच काहीसे हे समजावे. तेव्हा मूळ नाव केलर्ट किंवा तत्सम असले पाहिजे. हा केलर्ट म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत या खोऱ्यात येऊन राहिलेला कोणी साधुपुरुष असावा, असे आज अभ्यासक मानतात. वेल्समधील अनेक गावांची नावे अशाच साधूंवरून पडली आहेत. गाव खरोखरच एका समाधीचे. पण ती समाधी कुत्र्याची नव्हे, माणसाची.

मग नदीकाठचा तो दगड कोणाचा? येथे आमच्या गोष्टीत डेव्हिड प्रिचर्ड या गृहस्थाचा प्रवेश होतो. हा दक्षिण वेल्सकडून अठराव्या शतकाच्या अखेरीस बेदगेलर्टला आला आणि गावच्या 'गोट' नावाच्या नव्या खाणावळीचा पहिला चालक झाला. काळ त्यास अनुकूल होता. फ्रान्सशी युद्ध जुंपल्यामुळे इंग्रज धनिकांस युरोपचा प्रवास दुरापास्त झाला होता आणि डोंगर, धबधबे, भग्न मठ यांची आवड असलेली मंडळी वेल्सकडे वळू लागली होती. वर्ड्स्वर्थ या कवीने १७९१ मध्ये रात्री स्नोडन चढावयास आरंभ केला तो याच गावाहून. त्या चढाईचे वर्णन त्याच्या आत्मचरित्रपर महाकाव्याच्या अखेरच्या सर्गात आले आहे. अशा प्रवाशांना पाहण्यास डोंगर होता, राहण्यास खाणावळ होती. ऐकण्यास मात्र एखादी गोष्ट हवी होती. प्रिचर्डला दक्षिणेकडची एक गोष्ट ठाऊक होती. राजाच्या कुत्र्याची ही गोष्ट त्याने गावच्या नावाशी जोडली, आणि चर्चच्या कारकुनाच्या व आणखी एका ग्रामस्थाच्या साहाय्याने एक शिळा आणून कुरणात उभी केली. समाधी तयार झाली.

यापुढील काम कवींनी केले. विल्यम रॉबर्ट स्पेन्सर या इंग्रज कवीने १८०० च्या ऑगस्टमध्ये वेल्समध्ये असताना या विषयावर एक पोवाड्यासारखे कथाकाव्य रचले. ते प्रथम खाजगी रीतीने छापले गेले आणि १८११ मध्ये त्याच्या काव्यसंग्रहात आले. जोसेफ हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराने ते एका जुन्या वेल्श चालीवर बसविले. शाळांच्या वाचनपुस्तकांतून ते इंग्रज मुलांच्या तोंडी बसले आणि दोनतीन पिढ्यांत अशी स्थिती झाली की ज्यांस ल्युएलिनच्या राजकारणाचे एक अक्षर ठाऊक नव्हते त्यांसही त्याचा कुत्रा ठाऊक होता. आपल्या स्वातंत्र्यासाठी झुंजलेला एक थोर राजा जगाच्या स्मरणात उरला तो अविचाराने आपल्या इमानी प्राण्याचा जीव घेणारा म्हणून. ज्या वेल्श जनतेचा तो राजा, तिलाच ही गोष्ट इंग्रजी पद्याच्या द्वारे परत शिकावी लागली, हा यातील विचित्र योग होय.

आता स्थानिक इतिहासकारांकडे वळू. वेल्समध्ये गावोगाव साहित्यसंमेलने भरविण्याची जुनी परंपरा आहे. त्यांस आइस्टेदवोद असे म्हणतात. तेथे काव्याबरोबर निबंधांच्याही स्पर्धा होत, आणि गावच्या प्राचीन वस्तू व लोककथा हा निबंधाचा आवडता विषय असे. १८६० च्या सुमारास अशाच एका स्पर्धेसाठी 'ब्लेदिन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम जोन्स या बेदगेलर्टच्याच सुपुत्राने आपल्या गावाविषयी वेल्श भाषेत निबंध लिहिला. लहानपणी घरात ऐकलेल्या यक्षिणींच्या, भुतांच्या व जलचरांच्या गोष्टी त्याने जमविल्या होत्या. पुढे सर जॉन ऱ्हिस या केल्टिक भाषांच्या प्राध्यापकाने आपल्या १९०१ च्या लोककथाविषयक मोठ्या ग्रंथात या सामग्रीचा कृतज्ञतापूर्वक उपयोग केला. एका खेड्यातील संमेलनाचा निबंध विद्यापीठाच्या ग्रंथास आधार झाला, ही गोष्ट आमच्या साहित्यसंस्थांच्या निबंधस्पर्धांस गौण मानणाऱ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

यानंतरचे नाव डेव्हिड एर्विड जेंकिन्स यांचे. हे मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. १८६४ मध्ये जन्मले व १९३७ मध्ये वारले. टॉमस चार्ल्स या वेल्श धर्मसुधारकाचे त्यांनी लिहिलेले तीन खंडांचे चरित्र १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी, १८९९ मध्ये, बेदगेलर्टपासून काही मैलांवर असलेल्या पोर्टमॅडॉक या बंदरात त्यांचे बेदगेलर्टविषयीचे पुस्तक छापले गेले. त्याच्या शीर्षकातच वस्तुस्थिती, यक्षकथा व लोकविद्या असे तीन शब्द एका रांगेत मांडलेले आहेत. ही रांग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जेंकिन्स यांनी जुने कागद पाहिले, वृद्धांच्या तोंडची परंपरा टिपून घेतली आणि शिळा कोणी व कशी उभी केली ही हकीकत नावानिशी नोंदवून ठेवली. राजवाड्याच्या जागी खाणावळ आणि राजाच्या जागी खाणावळवाला उभा करावयाचा, तोही अशा गावी, की जेथील कित्येकांची चूल या समाधीच्या यात्रेकरूंवर पेटत होती, हे काम सोपे नव्हते. परंतु त्यांनी ते कोणाचा उपहास न करता केले.

गोष्टीचा गावाशी असलेला संबंध असा तुटला. पण गोष्ट प्रिचर्डने स्वतःच्या डोक्यातून काढली होती काय? मुळीच नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील जॉन राउस याने तयार केलेल्या चित्रांकित वंशपटावर वेल्सचे चिन्ह म्हणून पाळण्यात बसलेला शिकारी कुत्रा दाखविला आहे. म्हणजे प्रिचर्डच्या तीनशे वर्षे आधी वेल्स आणि पाळण्यातील कुत्रा यांची सांगड कोणाच्या तरी मनात होती. आपला कुत्रा मारणाऱ्या माणसासारखा पश्चात्ताप, अशा अर्थाची एक म्हणही वेल्श भाषेत होती. याहून मागे गेल्यास चौदाव्या शतकातील वेल्श हस्तलिखितांत 'रोमचे सात ज्ञानी' या कथासंग्रहाचे भाषांतर आढळते. त्यात एका सरदाराची गोष्ट आहे : बालक, पाळणा, रक्षण करणारा कुत्रा, आणि शत्रू म्हणून साप. पाळणा उलथतो, कुत्र्याच्या अंगावर रक्त दिसते, सरदार त्यास ठार करतो आणि नंतर मूल जिवंत सापडते. ही बेदगेलर्टची गोष्ट. फक्त लांडग्याच्या जागी साप आहे.

आणि साप दिसताच आमच्या वाचकांच्या मनात मुंगूस उभे राहिले असेल.

पंचतंत्राचे पाचवे तंत्र 'अपरीक्षितकारक', म्हणजे न पारखता कृती करणाऱ्यांचे. त्यातील ब्राह्मणाची, त्याच्या तान्ह्या पुत्राची आणि मुंगसाची गोष्ट ज्यास ठाऊक नाही असा मराठी मुलगा विरळा. पंचतंत्रात पाण्यास गेलेली ब्राह्मणी परतते, मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहते आणि भरलेला घडा त्याच्यावर टाकते. पुढे रचलेल्या हितोपदेशात ही गोष्ट उज्जयिनीच्या माधव नामक ब्राह्मणाच्या घरी घडते आणि तेथे मुंगसाचा घात स्वतः ब्राह्मणाच्या हातून होतो. आमच्या माळव्यातील वाचकांस हे स्थलनाम आपलेसे वाटेल; परंतु पश्चिमेकडे जी कथा गेली ती हितोपदेशातून नव्हे, त्याहून प्राचीन अशा पंचतंत्राच्या पाठातून गेली, हे येथे स्पष्ट केले पाहिजे.

तिचा प्रवास आज बराचसा ज्ञात आहे. सहाव्या शतकात इराणचा सम्राट खुस्रू अनुशीर्वान याच्या कारकिर्दीत बुर्झोय या वैद्याने पंचतंत्राचे पहलवी भाषेत रूपांतर केले. ते आज उपलब्ध नाही; पण त्यावरून आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फा याने 'कलीला व दिम्ना' हा अरबी ग्रंथ सिद्ध केला. करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांची नावे त्या शीर्षकात अजून ओळखू येतात. अरबीतून हिब्रूत, हिब्रूतून तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने लॅटिनमध्ये, आणि लॅटिनमधून युरोपच्या देशभाषांत असा हा ओघ वाहत गेला. सात ज्ञानी पुरुषांच्या कथाचक्राचाही एक समांतर प्रवाह पूर्वेकडूनच पश्चिमेस गेला. युरोपच्या घरांत मुंगूस नाही. म्हणून अरबीत त्याचे कोणी मुंगसासारखेच लहान जनावर झाले आणि पुढे त्याचा कुत्रा झाला. वेल्सच्या डोंगरात पोहोचल्यावर सापाचा लांडगा झाला. पात्रे बदलली, पाळणा, रक्त आणि उतावळा हात मात्र तेच राहिले. थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने १८५९ मध्ये पंचतंत्राच्या भाषांतराच्या प्रस्तावनेत या प्रवासाचा मार्ग सविस्तर दाखविला, आणि बेदगेलर्टच्या गोष्टीपुरता तो मार्ग १८९२ मध्ये जोसेफ जेकब्स याने आपल्या केल्टिक कथासंग्रहाच्या टिपांत मांडला.

वाटेत या कथेने फ्रान्समध्ये आणखी एक विलक्षण रूप घेतले. तेराव्या शतकाच्या मध्यास एतिएन द बुर्बाँ हा डोमिनिकन पंथाचा धर्मगुरू लियाँ शहराजवळच्या प्रदेशात फिरत असता त्यास असे आढळले की तेथील शेतकरी स्त्रिया आजारी मुलांना घेऊन 'संत गिनफोर' याच्या नवसास जातात. चौकशीअंती कळले की हा संत म्हणजे एक कुत्रा! बालकास सापापासून वाचवून धन्याच्या हातून मेलेला. धर्मगुरूने त्याची हाडे उकरून काढविली आणि त्या भोवतालच्या वृक्षांसह जाळविली. परंतु लोकांची श्रद्धा त्या आगीत जळाली नाही. पुढे कित्येक शतके त्या जागी माता मुले घेऊन येतच राहिल्या.

या तीन स्थळांची तुलना केली असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. पंचतंत्रातील मुंगसास नाव नाही, तिथी नाही, समाधी नाही. 'कोणे एके गावी एक ब्राह्मण होता' असे म्हणणारी कथा कोणतीही साक्ष देत नाही. म्हणून ती खोटीही ठरत नाही. ती फक्त शिकविते. परंतु त्याच कथेस राजाचे नाव, शतकाचा आकडा आणि दगडाची शिळा चिकटली की ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहते. मग तिला उलटतपासणीस तोंड द्यावे लागते आणि तीत ती टिकत नाही. कथेस खरी करण्याच्या हौसेने प्रिचर्डने तिला खोटी करून ठेवली. नामहीन मुंगूस निम्म्या जगाचा प्रवास करू शकले ते त्याच्या पाठीवर दगड नव्हता म्हणूनच.

या खोट्या समाधीची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. ती केलर्टने दिली. आणि त्याच्या मागोमाग बेदगेलर्टच्या मठाने दिली. या संगमावर मध्ययुगात ऑगस्टिनियन पंथाचा मठ होता आणि त्याच्याही आधी तेथे केल्टिक साधूंची वस्ती असावी. वेल्श राजघराण्याकडून या मठास जमिनी मिळाल्या होत्या. तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात, वेल्स इंग्रजांच्या ताब्यात गेले त्याच सुमारास, मठ अपघाताने जळाला. जिंकणाऱ्या एडवर्ड पहिल्याने त्याच्या दुरुस्तीस साह्य केले, आणि बँगोरचा बिशप अनियन याने १२८६ मध्ये देणगीदारांस चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्ताची माफी जाहीर केली. बार्डसी बेटावरील मठ सोडला तर या प्रदेशात याहून जुनी धर्मसंस्था नाही, आणि वाटसरूंच्या आतिथ्याबद्दल ती प्रसिद्ध आहे, अशी तिची ख्याती होती. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने मठ मोडले त्यात हाही गेला. गावचे चर्च तेवढे उरले. त्याच्या पूर्व भिंतीत तेराव्या शतकातील तीन उंच, निमुळत्या खिडक्या आजही उभ्या आहेत. समाधीकडे लगबगीने जाणारे किती प्रवासी त्या खिडक्यांसमोर क्षणभर थांबत असतील? डोंगरात वाट चुकलेल्या परक्या माणसास शतकानुशतके भाकरी व निवारा देणारे एक घर येथे होते, ही खरी आणि अभिमानास्पद गोष्ट कल्पित कुत्र्याच्या भुंकण्यात कोणास ऐकू येईनाशी झाली.

आणि तरीही प्रिचर्डविषयी कठोर व्हावेसे वाटत नाही. दरिद्री खोऱ्यात त्याने चार लोकांच्या पोटाची सोय केली. शिवाय दैवाने त्याच्यावर एक गमतीदार सूड उगविला. तो १८२१ मध्ये मृत्युपत्र न करता वारला; त्यानंतर त्याचे भूत एका वृद्ध मजुरास भेटले आणि खाणावळीतील चुलीच्या दगडाखाली शंभर गिनी पुरल्याचे त्याने सांगितले, अशी कथा गावात प्रचलित झाली. तीही जेंकिन्स यांनी टिपून ठेवली आहे. दंतकथा रचणारा स्वतःच दंतकथा झाला! या दोन्ही गोष्टी एकाच ग्रंथात, एकाच प्रामाणिकपणे, पण प्रत्येकीवर तिची योग्य चिठ्ठी लावून ठेवणे, हाच जेंकिन्स यांचा विवेक होय.

अशी स्मारके आपल्याकडे नाहीत असे कोण म्हणेल? कोणत्याही किल्ल्यावर, कोणत्याही नदीघाटावर गेले की वाटाड्या एखाद्या शिळेकडे बोट दाखवितो. अशा वेळी शिक्षकासमोर दोन सोपे मार्ग असतात. एक, जे ऐकले ते मुलांस इतिहास म्हणून सांगून मोकळे होणे. दुसरा, 'हे सारे थोतांड' असे म्हणून हात झटकणे. आमच्या मते दोन्ही सारखेच चुकीचे आहेत, आणि याचे कारण खुद्द त्या कथेतच सांगितलेले आहे.

या कथेचे तात्पर्य काय? न पारखता कृती करू नये. न पारखता विश्वास ठेवणारा गावकरी या तात्पर्यास विसरला हे उघड आहे. ज्या गोष्टीचा उपदेशच 'आधी पाहा' असा, ती गोष्टच त्याने न पाहता स्वीकारली. परंतु तिच्यावर एका घावात तुकडा पाडू पाहणारा चिकित्सकही त्या ब्राह्मणाचाच भाऊबंद आहे. त्यास दंतकथेच्या तोंडाला असत्याचे रक्त दिसते आणि तो घडा उचलतो. त्याने आधी पाळण्यात डोकावून पाहिले पाहिजे. बेदगेलर्टच्या पाळण्यात डोकावणाऱ्यांस काय सापडले? एका विसरलेल्या साधूचे नाव, जे त्या खोट्या समाधीनेच प्रवाशांच्या ओठांवर जिवंत ठेवले होते. एक चौदाव्या शतकातील वेल्श ग्रंथ. आणि संस्कृतापासून वेल्शपर्यंत भाषामागून भाषा ओलांडीत, हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेली एक कथा. मूल सुखरूप होते.

स्थानिक इतिहासकाराचे काम यापेक्षा वेगळे नाही. दगडावरील लेख खोडून काढण्याची त्याला गरज नसते. त्याच्या शेजारी दुसरा, खरा लेख मात्र त्याने लावला पाहिजे. बेदगेलर्टची शिळा आजही जागच्या जागी आहे, मुले तेथे फुले ठेवतात, आणि ज्यास जाणून घ्यावयाचे आहे त्यास जेंकिन्स यांचा ग्रंथही उपलब्ध आहे. आपापल्या गावच्या शिळांविषयी असा एकेक निबंध आपल्या प्रत्येक शाळेतून लिहिला गेला, तर उज्जयिनीच्या त्या मुंगसास, ज्याला कोणीच समाधी बांधली नाही, त्याहून चांगले स्मारक मिळणार नाही.